आत एक, बाहेर सहा

आयीचा चेहरा दिसायच्या आधी मला तिचा आवाज ऐकू आला होता. नानजिंगमधल्या आमच्या जुन्या वसाहतीतल्या इमारती सात-सात मजल्यांच्या, आणि लिफ्ट एकीलाही नाही. आम्ही सहाव्या मजल्यावर. सामान लावायचं चाललं होतं, दार सताड उघडं होतं आणि खालून जिन्यातून आवाज येत होता : हूऽऽऽ. मग शांतता. मग चपलांची तीन-चार पावलं. मग परत हूऽऽऽ. नवऱ्याला वाटलं कुणाचं तरी पोर खेळतंय. मला मात्र त्या आवाजापेक्षा मधली शांतता ओळखीची वाटली. कोल्हापुरात बारा वर्षं मी छातीच्या रुग्णांना व्यायाम शिकवत होते. जिना चढताना माणूस किती पायऱ्यांनी थांबतो आणि थांबला की किती वेळ थांबतो, हे नकळत मोजायची खोड तेव्हापासूनची. ही व्यक्ती चार पायऱ्यांनी थांबत होती.

कठड्यावरून वाकून पाहिलं. सत्तरीची बाई. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा हात कठड्यावर, खांदे कानांपर्यंत उचललेले, मानेच्या शिरा ताणलेल्या आणि ओठांचा चंबू. निदान मी जागच्या जागी करून टाकलं : सीओपीडी, म्हणजे श्वासाची वाट अडवणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, आणि तोही बऱ्यापैकी पुढे गेलेला. पण तो चंबू पाहून चकित झाले. ओठ आवळून, हळूहळू, लांबवत श्वास सोडायचा, हे शिकवता शिकवता माझी अर्धी नोकरी गेली. रुग्ण माझ्यासमोर करायचे, दाराबाहेर पडले की विसरायचे. या बाईला हे कुणी शिकवलं, आणि तिने ते टिकवलं कसं?

चिनीत आपल्या आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला 'आयी' म्हणायचं. म्हणजे मावशी. पहिल्या आठवड्यात मी फोनवर आईला सांगत होते, "आज आयीने डब्यात मोदकासारखं काही तरी दिलं," तर तिकडून प्रश्न आला, "कुणाच्या आईने?" आणि भारताला चिनीत म्हणतात यिंदू. त्यामुळे माझं नाव काहीही असलं तरी त्या इमारतीत पहिल्या मजल्यापासून सातव्यापर्यंत मी 'यिंदू' झाले, आणि माझ्या कानांना ते कायम 'इंदू' असंच ऐकू आलं. आयी आणि इंदू. कुणी लांबून ऐकलं असतं तर सांगली-मिरजेकडच्या मायलेकी वाटलो असतो.

माझं चिनी तेव्हा भाजीबाजारापुरतं. आयीचं इंग्रजी शून्य. पण शरीराच्या गोष्टींना भाषा कमी लागते. मी तिच्या ओठांकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? ती म्हणाली, "लिऊ-झी-च्युए." मला कळलं नाही. तिने हाताने सहाचा आकडा दाखवला. चिनी लोक तो एकाच हाताने दाखवतात, अंगठा आणि करंगळी उघडून, बाकीची मिटून. मला वाटलं ती फोन करायला सांगतेय.

लिऊ म्हणजे सहा, झी म्हणजे अक्षर, च्युए म्हणजे गुरुकिल्ली, गुपित. सहा अक्षरांची गुरुकिल्ली. ती अक्षरं अशी : श्यू, ह, हू, स्स, छ्वेइ, शी. देवनागरीत लिहिली की बाराखडी चुकल्यासारखी दिसतात, आणि उच्चारायलाही ती अक्षरं म्हणून उच्चारायची नसतातच. प्रत्येक अक्षर म्हणजे श्वास सोडताना तोंडाचा जो आकार व्हायला हवा त्याचं नाव. श्यू म्हणताना ओठांचे कोपरे मागे, स्स म्हणताना दातांच्या फटीतून हवा, हू म्हणताना ओठ गोल. एकेक अक्षर सहा वेळा, म्हणजे छत्तीस श्वास. सुरुवातीला आवाज काढून, मग पुटपुटत, आणि मुरल्यावर आवाज न करता नुसतीच हवा.

प्रत्येक अक्षर एका अवयवाला वाहिलेलं. श्यू यकृताचं, ह हृदयाचं, हू प्लीहेचं, स्स फुप्फुसाचं, छ्वेइ मूत्रपिंडाचं. सहावं शी हे 'सान-च्याओ' नावाच्या गोष्टीचं, आणि ही गोष्ट शवविच्छेदनात कुणाला सापडायची नाही. चिनी वैद्यकाचे जुने ग्रंथच म्हणतात की तिला नाव आहे, रूप नाही. फिजिओथेरपीची पदवी घेतलेल्या बाईने इथे नाक मुरडायला हवं होतं. मुरडलंच. फुप्फुसाच्या बाईने यकृताचा आवाज कशाला काढायचा? पण पुढे लक्षात आलं की कुठलं अक्षर कुठल्या अवयवाचं यावर चिनी ग्रंथांचंही एकमत नाही. शतकागणिक ही वाटणी बदलत आली आहे. बदललं नाही ते एकच. सहाही अक्षरं बाहेर जाणाऱ्या श्वासाची आहेत. आत येणाऱ्या श्वासाला एकही अक्षर नाही.

इथे आजाराबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण आपल्याकडे जुनाट धाप म्हटली की सगळे 'दमा' म्हणून मोकळे होतात. खरा दमा वेगळा. तो येतो आणि जातो, मधल्या काळात माणूस बराचसा ठीक असतो. सीओपीडी येतो तो राहायलाच. निरोगी फुप्फुस रबरासारखं असतं. ताणलं की आपोआप मागे येतं, आणि त्या मागे येण्यातच हवा बाहेर पडते. श्वास सोडायला एरवी कष्ट पडत नाहीत ते त्यामुळे. वर्षानुवर्षं धूर खाल्लेल्या फुप्फुसाचं हे रबर सैल पडतं. बारीक श्वासनलिकांना चारी बाजूंनी ताणून उघडं धरणारे धागेही तुटतात. मग माणूस जोर लावून हवा बाहेर ढकलू पाहतो तेव्हा त्या जोरानेच नळ्या दबतात आणि हवा आत कोंडते. पुढचा श्वास या कोंडलेल्या हवेवर येऊन बसतो. त्याच्यावर आणखी एक. छाती पिंपासारखी फुगते, खालचा पडदा ताटासारखा सपाट होतो, आणि माणूस म्हणतो, "श्वास घेता येत नाही हो." घेता येत नाही हे खरंच, पण ते घागर आधीच भरलेली आहे म्हणून. आजूबाजूचे काय सांगतात? "मोठ्ठा श्वास घ्या, मोठ्ठा!" भरल्या घागरीत आणखी पाणी.

जाता जाता एक तक्रार. आपल्याकडे छातीचा रुग्ण म्हटला की त्याच्या हातात तीन रंगीत गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र ठेवायची रीत पडली आहे. ओढा आणि गोळ्या वर न्या. ऑपरेशननंतर, फुप्फुसं मिटून राहू नयेत म्हणून ते ठीक आहे. पण ज्याला सोडता येत नाही त्याला ओढायचं यंत्र देऊन काय मिळवतो आपण? मी स्वतः कितीतरी जणांना ते दिलं आहे, कारण केस पेपरवर तसं लिहिलेलं असे, आणि घरी नेण्यासारखी काही वस्तू मिळाली की रुग्णालाही फी वसूल झाल्यासारखं वाटे.

ओठ आवळून सोडलं की काय होतं? तोंडाशी हवेची वाट अरुंद झाल्यामुळे आतल्या नळ्यांत थोडा दाब टिकून राहतो, त्या दाबामुळे त्या चटकन मिटत नाहीत, आणि श्वास सावकाश, लांबवर, जास्त रिकामा होतो. गती कमी होते, पुढच्या श्वासाला जागा होते. पाठ्यपुस्तकात याचं मोठं नाव आहे. आयीच्या भाषेत याचं नाव हू आणि छ्वेइ. स्स मध्ये तेच काम दातांची फट करते. ह ला मात्र तोंड उघडं राहतं, तिथे हा फायदा फारसा नाही, हेही सांगून ठेवते. नाही तर सगळंच शास्त्रीय होतं असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी जाऊन बसायची.

श्वेनवू तलावाच्या काठी, मिंग काळातल्या तटबंदीच्या आडोशाला, सकाळी सातला हा गट जमायचा. सोळा-सतरा जण, बहुतेक सत्तरीपुढचे. कुणाला 'लाओ-मान-झ्र', म्हणजे जुनाट ब्राँकायटिसला तिकडच्या सामान्य लोकांचं घरगुती नाव. कुणाचे गुडघे, कुणाला रक्तदाब, एक-दोन जण नुसतेच एकटे. छोट्या स्पीकरवर संथ संगीत आणि एका बाईचा आवाज. आधी बाद्वानचिन, म्हणजे किनखापाचे आठ तुकडे. सोंग काळापासून चालत आलेल्या आठ हालचाली. पहिली, दोन्ही हातांनी आकाश तोलून धरायचं. दुसरी, डावी-उजवीकडे धनुष्य ओढायचं, गरुडावर नेम धरल्यासारखं. शेवटची, टाचा उचलून सात वेळा आपटायच्या. या हालचालीच्या नावाच्या ओळीतच म्हटलंय की याने शंभर रोग जातात. शंभरचं मी काही बोलत नाही.

पहिल्याच दिवशी माझ्यातली फिजिओथेरपिस्ट अस्वस्थ झाली. सीओपीडीच्या माणसाला हात डोक्यावर नेणं हीच मोठी शिक्षा असते. खांद्याचे आणि मानेचे जे स्नायू हात पेलतात, तेच त्याने श्वासाच्या कामालाही जुंपलेले असतात. म्हणून तर केस विंचरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना या लोकांना चालण्यापेक्षा जास्त धाप लागते. मी आयीकडे पाहत होते. बाकीचे आकाश तोलत होते, आणि आयीने आकाश कपाळाच्या उंचीवरच तोलून धरलं होतं. आणि हात वर नेताना नव्हे, खाली आणताना तिचा हू निघत होता, तोही शेजारणीच्या दुप्पट लांब. कुणी तिला "पूर्ण कर" म्हटलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "माझं आकाश जरा खाली आलंय."

आयी सूतगिरणीत होती. सिगरेट आयुष्यात ओढली नाही. नवऱ्याने ओढली, दोघांच्या वाटची. चीनमधले निम्म्याच्या आसपास पुरुष ओढतात, त्यामुळे घरातल्या बायकांनाही ती ओढल्यासारखीच. पण तिच्या मते खरा दोष 'फंग-वो-मेइ'चा. मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं असलेली कोळशाची गोल वडी. नव्वदच्या दशकापर्यंत तिच्या चाळवजा इमारतीत प्रत्येकीची शेगडी दारासमोर व्हरांड्यात, आणि पहाटे पंख्याने वारा घालून ती पेटवताना सगळा व्हरांडा निळा. "तेव्हा आम्ही त्या धुरात उभं राहून गप्पा मारायचो," ती म्हणाली. युन्नान प्रांतातल्या श्वेनवेइ भागात घरगुती कोळशाच्या धुरावर पुष्कळ संशोधन झालं आहे. तिथे शेगड्यांना धुराडं बसवल्यावर सीओपीडीचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. एक साधी नळी, धूर छपराबाहेर नेणारी.

माझ्या डोळ्यांसमोर पन्हाळ्याकडचं आमचं घर आलं. आजीच्या चुलीत शेणी आणि ओल्या काटक्या, आणि तिच्या हातात लोखंडी फुंकणी. गाल फुगवून फुंकायची, धूर परत तिच्याच तोंडावर यायचा, ती तोंड फिरवून खोकायची आणि पुन्हा फुंकायची. पुढे तिला 'दमेकरी' म्हणू लागले. अख्खा जन्म फुंकर घालण्यात गेलेल्या त्या बाईने शेवटची तीन वर्षं उशांना टेकून बसून काढली, आणि तेव्हा तिला कुणी सांगितलं नाही की बये, तुला येतं तेच कर, फक्त चूल नसलेल्या जागी. आयीचं पाचवं अक्षर, छ्वेइ, त्याचा अर्थच मुळी फुंकणे.

हे अक्षरांचं प्रकरण मनात इतकं रुतलं की एका रविवारी नवऱ्याला घेऊन माओशानला गेले. नानजिंगपासून गाडीने दीडेक तासावर, फार उंच नसलेला डोंगर. पाचव्या शतकाच्या अखेरीस, इसवी सन ४९२ मध्ये, थाओ होंगचिंग नावाचा माणूस दरबारातली नोकरी सोडून या डोंगरावर येऊन राहिला. ताओपंथी साधू, औषधींचा अभ्यासक, आणि सम्राटाला अडचण आली की तो याच्याकडे माणसं पाठवी म्हणून लोक त्याला 'डोंगरातला पंतप्रधान' म्हणत. मोठ्ठं वय जगला, ४५६ ते ५३६. प्रकृती सांभाळण्यावरचा एक ग्रंथ त्याच्या नावावर आहे आणि त्यात ते वाक्य आहे : हवा आत घेण्याची रीत एक, बाहेर सोडण्याच्या सहा. हातवारे नव्हते तेव्हा, ते जवळजवळ हजार वर्षांनी मिंग काळात जोडले गेले. सुरुवातीला होते फक्त सहा उच्छ्वास.

माओशानवर आता तिकीट खिडक्या आहेत, उदबत्त्यांचा इतका धूर की आयी आली असती तर पहिल्या पायरीवरूनच परतली असती. मला तिथे काही साक्षात्कार झाला नाही. पाय दुखले. पण ते वाक्य घेऊन उतरले. आत एक, बाहेर सहा.

मग भाषेतच सापडत गेलं. आपण म्हणतो श्वासोच्छ्वास : आधी श्वास, मग उच्छ्वास. चिनी माणूस म्हणतो 'हू-शी' : हू म्हणजे सोडणे, शी (सहा अक्षरांतलं नव्हे, हे वेगळं) म्हणजे घेणे. आधी सोडणे. चुआंग-त्झू या प्राचीन ताओपंथी विचारवंताच्या नावावरच्या जुन्या ग्रंथातही क्रम तोच आहे, जुनं थुंकून टाका, नवं आत घ्या. छांगशाच्या संग्रहालयात रेशमावरचं एक चित्र आहे, १९७३ च्या उत्खननात मावांगदुईच्या तिसऱ्या थडग्यात सापडलेलं. ते थडगं इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालं. चित्रात चव्वेचाळीस माणसं व्यायाम करताहेत, बायका, पुरुष, कुणी उघड्या अंगाने, कुणी काठी घेऊन. काहींच्या शेजारी त्या हालचालीचं नाव. कुणी अस्वलासारखं, कुणी माकडासारखं. त्यातल्या एकाचं नाव आहे 'वर पाहून श्वास सोडणे'. बावीसशे वर्षांपूर्वी कुणाला तरी हे रेशमावर काढून मेलेल्या माणसाबरोबर पुरावंसं वाटलं.

हे मी आमच्या तिकडच्या भारतीय मंडळींच्या गटात उत्साहाने सांगितलं आणि व्हायचं तेच झालं. एक काका म्हणाले, "हे सगळं आपलंच. बोधिधर्माने नेलं." भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूची कथा छान आहे, पण त्याच्या नावावर खपवला जाणारा व्यायामाचा ग्रंथ सतराव्या शतकातला निघतो आणि मावांगदुईचं चित्र बोधिधर्माच्याही सहा-सातशे वर्षं आधीचं. मात्र काकांना अगदीच रित्या हाताने परत पाठवायचं नसेल तर सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या थोर वैद्याकडे जावं. त्याच्या ग्रंथात अठरा हालचालींचा एक संच 'भारत देशाची पद्धत, ब्राह्मणांची रीत' असं म्हणून सरळ नोंदवलेला आहे. घेतलं ते नाव लावून घेतलं. आणि सोडण्याचं महत्त्व आपल्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. योगसूत्रांत प्राणाबद्दल बोलताना पतंजली सुरुवात बाहेर टाकण्यापासूनच करतात, आणि रेचक पूरकाच्या दुप्पट हे कुठलाही बरा योगशिक्षक सांगतो. पण टीव्हीवर पाहून करणाऱ्यांच्या लक्षात जोरजोराने पोट हलवणंच राहतं, आणि तो जोर या रुग्णांच्या नळ्या नेमका मिटवतो.

चिनी बाजूही धुतल्या तांदळाची नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिथे छीगोंगची साथ आली होती. छी म्हणजे प्राण, गोंग म्हणजे त्याची साधना. मराठीत लिहिलं की वेगळंच काही वाटतं, त्याला इलाज नाही. कुणी दुरून छी सोडून रोग बरे करत, कुणी मैदानात बसून अंतराळातले संदेश पकडायला डोक्यावर पातेली घालत. एका पंथाचा पसारा इतका वाढला की १९९९ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. मग २००३ मध्ये सरकारी क्रीडा खात्याने चार जुने संच झाडून-पुसून, चमत्कार काढून, प्रमाणित करून लोकांसमोर ठेवले. सहा अक्षरं आणि किनखापाचे आठ तुकडे त्यांतलेच. आयीच्या स्पीकरवरचा तो बाईचा आवाज तसा सरकारी आहे. आयीची चुलत बहीण त्या पातेल्यांच्या काळात औषधं सोडून बसली होती. तिच्याबद्दल आयी यापुढे काही बोलत नसे.

म्हणून आयीच्या पिशवीत भाजी असो नसो, औषधाचा पंप असायचा. तो ती सहा अक्षरांच्या आधी ओढायची. तिचं तत्त्व सरळ होतं : औषध दार उघडतं, अक्षर केर बाहेर काढतं. मी माझ्या सगळ्या रुग्णांना इतकी वर्षं जे आकृत्या काढून सांगत होते ते.

पण याने होतं तरी किती? गेलेलं रबर परत येत नाही. कुठल्याही अक्षराने नाही. अभ्यास आहेत, बरेचसे छोटे, काही कच्चे. ताई ची या तशाच संथ चिनी व्यायामावरचे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्यांना, काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत, सहा मिनिटांत चालून होणाऱ्या अंतरात सुमारे ३० मीटरची भर दिसली. ३० मीटर म्हणजे आमच्या इमारतीच्या दारापासून कोपऱ्यावरच्या वाफाळत्या पावांच्या दुकानापर्यंत. निरोगी माणसाला हसू येईल. आयीला ते दुकान गाठता येणं आणि न येणं यात सगळा दिवस बदलत असे.

मला सगळ्यात भावलेला अभ्यास ग्वांगडोंगच्या ग्रामीण भागातला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला, चिनी आणि ब्रिटिश डॉक्टरांनी मिळून केलेला. आधी कधी उपचार न घेतलेले १२० रुग्ण. सगळ्यांना पंप दिला. मग निम्म्यांना १२ आठवडे यंत्रांवरचा नेहमीचा पुनर्वसन व्यायाम, निम्म्यांना २४ हालचालींची ताई ची. १२ आठवड्यांनी दोन्ही गट जवळजवळ सारखे. मग सगळ्यांना घरी सोडलं आणि आणखी १२ आठवड्यांनी पुन्हा गाठलं, तेव्हा ताई चीवाल्यांना जरा बरं वाटत होतं. एकच अभ्यास, एकच मुलूख, त्यावर इमले बांधू नयेत. पण का असेल याचा अंदाज मला करता येतो, कारण मी स्वतः यंत्रांवरचा व्यायाम शिकवणाऱ्यांतली. सायकलचं यंत्र दवाखान्यातच राहतं. ताई ची माणूस अंगावर घालून घरी नेतो.

चीनमध्ये सीओपीडीचे जवळपास १० कोटी रुग्ण आहेत, असं २०१८ मधल्याच एका मोठ्या पाहणीत आढळलं. त्यांतल्या शंभरातल्या तिघांनाही आपल्याला हा आजार आहे हे ठाऊक नव्हतं. एवढ्यांना पुरतील इतक्या फिजिओथेरपिस्ट कुठून आणणार? कोल्हापूर जिल्ह्यालाच आम्ही पुरत नव्हतो. तटबंदीच्या सावलीत मात्र फी नव्हती, केस पेपर नव्हता, आणि आपण रुग्ण आहोत असं तिथे कुणाला म्हणावं लागत नव्हतं.

जानेवारीत आयी आठ दिवस दिसली नाही. नानजिंगची थंडी वाईट. उत्तर चीनसारखं तिथल्या घरांना सरकारी ऊब नाही, घरातही कोट घालून बसायचं. सर्दी छातीत उतरली होती आणि लेकाने तिला दवाखान्यात भरती केलं. मी भेटायला गेले तेव्हा नाकात ऑक्सिजन, हाताला सुई, आणि ओठांचा चंबू नव्हता. तोंड नुसतं उघडं. सगळं विसरली होती. घाबरलेल्या माणसाला काहीच आठवत नाही, हे मी हजारदा पाहिलंय, तरी तिला तसं बघून माझंच अवसान गेलं. मी तिच्या समोर स्टूल ओढून बसले आणि काही न बोलता हू सोडायला लागले. एकदा, दोनदा. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनीही सुरू केलं. सातव्या-आठव्याला आयीचे ओठ जवळ आले.

मार्चमध्ये ती पुन्हा तटबंदीपाशी आली. आकाश आणखी खाली आलं होतं, आता खांद्याच्या पातळीवर. काही दिवस ती नुसती स्टुलावर बसून अक्षरं म्हणायची.

आमची बदली ठरली त्या संध्याकाळी मला ती खाली दाराशी भेटली. पिशवी मी घेतली. तिने नको म्हटलं, मग दिली. पहिल्या मजल्यापर्यंत मी मोजत होते, पायऱ्या सहा, हू एक. नंतर मोजणं सोडून दिलं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खिडकी होती. बाहेरच्या प्लेन झाडांना नुकती पालवी फुटलेली. ती कठड्याला टेकली आणि तुटक तुटक विचारलं, "यिंदू, तुमच्याकडे... छ्वेइ ला... काय म्हणतात?"

"फुंकर," मी म्हटलं.

तिने ओठ जुळवले. "फूंऽऽऽऽ..." खिडकीच्या गार काचेवर वाफ उमटली, पसरली, आणि तो श्वास इतका लांबत गेला की 'कर' म्हणायचं राहूनच गेलं.